अत्तराचा फाया

मागच्या महिन्यात आमच्या शाळेत पालकसभा होती. सभा संपली, पालक पांगले, पण सातवीतल्या एका मुलीची आई दाराशी रेंगाळत राहिली. मुलीच्या अभ्यासाबद्दल बोलायचं असेल असं मला वाटलं. त्यांनी मात्र पर्समधून एक छोटी पेटी काढली. आत सहा इवल्या बाटल्या होत्या. लव्हेंडर, लेमनग्रास, पेपरमिंट, आणखी काही.

"आपा, तुम्ही मासिकात लिहिता म्हणून विचारते. हे तेल उशीला लावलं की मनावरचं ओझं उतरतं म्हणे. खरं आहे का?"

मी घाईत होते. म्हटलं, "चांगला वास आला की बरं वाटतंच की. त्यात खोटं काय?"

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मग बरंच झालं. पंधरा दिवस झाले, मी डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्यात. कोणाला सांगू नका हां."

मी हातातलं दप्तर खाली ठेवलं. वर्षभरापूर्वी या बाईंची काय अवस्था होती ते मला माहीत होतं. दिवसचे दिवस त्या अंथरुणातून उठत नव्हत्या, मुलगी स्वतःच डबा करून शाळेत यायची. उपचार सुरू झाल्यावर त्या सावरल्या होत्या. माझं उत्तर खोटं नव्हतं, पण ते अर्धं होतं, आणि त्या अर्ध्या उत्तराचा आधार घेऊन त्या घरी निघाल्या होत्या. मी त्यांना बसवलं आणि माझ्या अम्मीची गोष्ट सांगितली. तीच या महिन्यात तुम्हा सर्वांना सांगते.

वास गेला तेव्हा

२०२१ चा रमजान एप्रिलच्या मध्यावर सुरू झाला. कोरोनाची दुसरी लाट जोरात होती. पहिल्याच आठवड्यात अम्मीला ताप आला. अल्लाहच्या मेहरबानीने दवाखान्यात दाखल करण्याची वेळ आली नाही, दहा-बारा दिवसांत ती बरी झाली. फक्त वास गेला. सगळे म्हणाले, येईल परत, सगळ्यांचा येतो. बहुतेकांचा येतोही. माझा चार दिवसांत आला होता. अम्मीचा आला नाही.

सुरुवातीला आम्ही ते गमतीवारी नेलं. ईदच्या शीरखुर्म्याचा वाटी-वाटी आस्वाद घेणारी अम्मी दोन चमचे खाऊन बाजूला ठेवत म्हणाली, "गोड आहे, बाकी काही नाही." खरंच तसंच असतं. जिभेला कळतं ते गोड, खारट, आंबट, कडू आणि मांसरस किंवा टोमॅटोसारख्या पदार्थांतली रुची, एवढंच. वेलची, केशर, केवडा, तुपात परतलेला खजूर, या सगळ्याची चव म्हणून आपण जे ओळखतो ते घशामागून नाकात चढणाऱ्या वासाचं काम असतं. मी वर्गात मुलांना हा प्रयोग करायला लावते. डोळे मिटून, नाक चिमटीत धरून संत्र्याची गोळी तोंडात टाकायची. नुसती साखर लागते. चिमूट सोडली की संत्रं येतं. मुलं खुदकन हसतात. अम्मीची चिमूट सुटत नव्हती.

मग एक दिवस दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि गॅस तसाच सुरू राहिला. अम्मी शेगडीपासून दोन हातांवर भाजी निवडत बसली होती. मी ऑनलाइन वर्ग संपवून बाहेर आले तेव्हा घरभर वास कोंडला होता. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. ज्याचं नाक बंद आहे त्याच्यासाठी तो इशारा नसल्यासारखाच. त्या दिवसापासून अम्मी एकटी स्वयंपाकघरात जायला घाबरू लागली.

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. अब्बा रेल्वेत होते, मिरज जंक्शनला. दर जुम्म्याला आंघोळ करून, पांढरा कुर्ता घालून ते अत्तराचा फाया कानाच्या पाळीत खोचायचे. उन्हाळ्यात खस, थंडीत हिना. २०१४ साली ते गेले. त्यांची हिनाची अर्धी बाटली अम्मीने रुमालात गुंडाळून ट्रंकेत ठेवली होती. जुम्म्याची नमाज झाली की ती बूच काढून एकदा वास घ्यायची, दुआ मागायची आणि बाटली परत ठेवायची. सात वर्षं हा नेम चालला होता. जूनच्या एका जुम्म्याला मी खोलीत गेले तर अम्मी ट्रंकेपाशी बसून होती, बाटली उघडी, डोळे कोरडे. म्हणाली, "बेटा, तेरे अब्बा आज फिर से चले गए."

त्यानंतर तिचं जेवण तुटलं. बोलणं कमी झालं. शेजारच्या बायका दारात आल्या तर ती झोपल्याचं सोंग घ्यायची.

नाकातून मनाकडे

वासाचा मनावर एवढा परिणाम का होतो, हे मी त्यानंतर वाचून समजून घेतलं. नाकाच्या अगदी वरच्या टोकाला, दोन डोळ्यांच्या मधोमध येईल अशा जागी, टपालाच्या तिकिटाएवढा एक नाजूक पापुद्रा असतो. फुलातून, मसाल्यातून, मातीतून उडालेले सूक्ष्म कण तिथे पोचतात आणि पेशींवरच्या ग्राहींना चिकटतात. माणसात या ग्राहींचे सुमारे चारशे प्रकार आहेत. अमेरिकेच्या लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये त्यांचा शोध लावला आणि २००४ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. ग्राही चारशेच, मग हजारो वास कसे ओळखतो? मुळाक्षरं मोजकी असूनही त्यांतून हवे तेवढे शब्द बनतात, तसंच हे आहे. गुलाब एक जुळणी करतो, लवंग दुसरी.

पुढची गोष्ट आपल्या विषयासाठी महत्त्वाची. डोळ्यांचा आणि कानांचा निरोप मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या चौकीवर जातो आणि तिथून पुढे पाठवला जातो. वासाचा निरोप या चौकीवर न थांबता भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत पोचतो. म्हणून वास आला की आधी छातीत काहीतरी हलतं आणि "अरे, हा तर नानीच्या कपाटाचा वास" हे नंतर सुचतं. हजरत याकूब अलैहिस्सलाम यांना काफिला दूर असतानाच आपल्या हरवलेल्या मुलाचा, यूसुफ अलैहिस्सलाम यांचा गंध जाणवला, हा कुरआनातला प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. अम्मीकडे पाहताना तो प्रसंग मला नव्याने कळला.

पण यातून एक दुसरीही गोष्ट निघते. वासात जर आठवणीचा एवढा वाटा असेल, तर एकच वास सगळ्यांवर एकसारखा परिणाम करेल का?

कापराचं उदाहरण घ्या. माझी शाळेतली मैत्रीण हिंदू आहे. कापराच्या वासाने तिला आरती, घंटा, दिवाळीची सकाळ आठवते, ती प्रसन्न होते. आपल्या घरात काफूर बाहेर निघतो तो मय्यतीच्या गुस्लसाठी. अब्बांच्या वेळचा काफूर माझ्या नाकात अजून आहे. तिच्या घरी संध्याकाळी गेले की तो वास येतो आणि माझा चेहरा उतरतो, तिला कळतही नाही का ते. वडी तीच, दुकानही बहुधा तेच. दोन घरांत मात्र दोन परिणाम. सुक्या बोंबलाचंही तसंच. ज्याच्या आईने ते चुलीवर भाजून दिले त्याच्या तोंडाला पाणी सुटतं, शेजारी मात्र खिडक्या लावून घेतात.

हे नुसतं घरगुती निरीक्षण नाही. रेचल हर्झ नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एका सहकाऱ्याबरोबर केलेला प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना एकच वास वेगवेगळ्या वेळी हुंगायला दिला. एकदा सांगितलं, हे चीज आहे. दुसऱ्यांदा सांगितलं, ही ओकारी आहे. वास तोच असूनही पहिल्या वेळी लोकांना तो आवडला आणि दुसऱ्या वेळी किळस आली. कानावर पडलेल्या नावाने नाकाचा निकाल बदलला.

म्हणून बाटलीवर 'आनंद', 'शांती', 'निद्रा' असं छापलेलं दिसलं की मी सावध होते. आनंद बाटलीत भरून येत नाही. तुमच्या आयुष्यात त्या वासाशी आनंद जोडला गेलेला असेल तर तो जागा होतो.

प्रयोग काय सांगतात

म्हणजे सगळा खेळ आठवणीचाच का? तसंही नाही. सर्वांत जास्त प्रयोग लव्हेंडरवर झाले आहेत. त्यात लिनालूल नावाचं द्रव्य असतं. तेच थोड्याफार प्रमाणात आपल्या धन्यातही असतं. दंतवैद्याकडे किंवा ऑपरेशनच्या आधी ताटकळणाऱ्या लोकांची धास्ती लव्हेंडरच्या वासाने थोडी उतरल्याचं काही प्रयोगांत दिसलं आहे. थोडी, हा शब्द लक्षात ठेवा. आणि एक अडचणही लक्षात ठेवा. गोळीची परीक्षा घेताना निम्म्या लोकांना तशीच दिसणारी खोटी गोळी देता येते. वासाच्या बाबतीत ही सोय नाही. समोरच्याला वास येतोच, आणि वास आला की 'आता बरं वाटणार' अशी अपेक्षाही येते. त्यामुळे किती परिणाम तेलाचा आणि किती अपेक्षेचा, हे वेगळं करणं कठीण जातं.

आपल्या परंपरेतही सुगंधाचा मान मोठा आहे. बगदादच्या अल-किंदी यांनी नवव्या शतकात सुगंधी द्रव्यं आणि त्यांच्या ऊर्ध्वपातनावर पुस्तक लिहिलं. इब्न सीना यांनी हृदयाच्या औषधांवरच्या ग्रंथात मनाला उभारी देणाऱ्या सुवासिक द्रव्यांचा विचार केला. युनानी हकीम अशा औषधांना मुफर्रेह म्हणतात. गुलाब, चंदन, अंबर त्यातलेच. 'अरोमाथेरपी' हा शब्द मात्र बराच अलीकडचा. गॅटफॉसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९३७ च्या आपल्या पुस्तकाला ते नाव दिलं. प्यारे नबी सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांना खुशबू प्रिय होती, जुम्म्याला ती लावणं आपण सुन्नत मानतो, आणि कोणी खुशबू दिली तर नाकारू नये, कारण तिचं ओझं हलकं असतं, अशी शिकवण आहे. ते हलकं ओझंच बरं. कुटुंबातल्या आजारी माणसाचा सगळा भार त्या इवल्या बाटलीवर टाकणं आपलं आपण ठरवलं आहे.

तोच भार मीही टाकला होता, हे कबूल करते. अम्मीची अवस्था पाहून मी जूनच्या अखेरीस एका ओळखीच्या बाईंकडून तेलांचा संच घेतला, दोन हजार आठशे रुपयांचा. साखर, सांधे, उदासी, गेलेला वास, सगळ्यावर चालतं असं त्या म्हणाल्या. मी वाफाऱ्याच्या पाण्यात चार थेंबांऐवजी चांगले पंधरा थेंब टाकले आणि अम्मीच्या डोक्यावर टॉवेल धरला. तिला असा ठसका लागला की डोळे लाल झाले, छाती भरून आली. रात्रभर मी तिच्या उशाशी बसून होते. बीएडला शिकवलेला पहिला धडा मी विसरले होते, विद्यार्थ्याला आधी समजून घ्या.

चार बाटल्या, दोन वेळा

पुढे २१ जुलैला बकरी ईद आली आणि नवीनच संकट उभं राहिलं. कांदा तळायला घेतला तशी अम्मी ओढणी नाकाला लावून मागच्या दाराने बाहेर पळाली. वास येऊ लागला होता, पण उलटा. तळलेला कांदा, लसूण, भाजलेलं मटण, चहाबरोबरची कॉफी, सगळ्यातून तिला काहीतरी जळकं आणि सडकं येत होतं. नातलगांना वाटलं, म्हातारी रुसली. आम्हीच घाबरून तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि हसून म्हणाले, "खाला, ही चांगली खूण आहे. तार जोडली जातेय, फक्त चुकीच्या खांबाला लागतेय."

त्यांनी समजावलं ते असं. कोरोनाचा विषाणू वासाच्या पेशींना आधार देणाऱ्या भोवतालच्या पेशींवर हल्ला करतो, त्यामुळे वासाचं सगळं काम कोलमडतं. पण वासाच्या पेशी पुन्हा उगवू शकतात, शरीराने ही सोय ठेवलेली आहे. उगवणाऱ्या पेशींना वळण लावायला सराव लागतो. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे डॉक्टर थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये असा सराव मांडला. चार वेगवेगळ्या जातीचे वास, गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, रोज दोनदा, बारा आठवडे. सराव करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना, करत नसणाऱ्यांपेक्षा, जास्त फायदा झाला. सगळ्यांना झाला नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं.

आणखी एक प्रश्न त्यांनी विचारला, जो आमच्यापैकी कोणी विचारला नव्हता. "खाला, जगावंसं वाटतं ना?" अम्मीने मान खाली घातली. त्यांनी आम्हाला मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवलं. माझा भाऊ थोडा नाराज झाला, लोक काय म्हणतील म्हणून. अम्मीच म्हणाली, "लोकांना काय, त्यांना बिर्याणीचा वास येतो." गोळ्या सुरू झाल्या.

घरी मी काचेच्या चार बाटल्या धुऊन वाळवल्या. एकीत गुलाबाच्या अत्तराचा फाया, दुसरीत निलगिरीच्या तेलाचा, तिसरीत लिंबाची ताजी साल, चौथीत ठेचलेल्या लवंगा. लिंबू दोन दिवसांनी बदलायचं, बाकीचं वास उतरला की. फजरनंतर आणि असरनंतर अम्मी जानमाजवरच बसायची. एकेक बाटली नाकाशी धरून वीसेक सेकंद हळूहळू श्वास घ्यायचा, मध्ये थोडं थांबायचं. जोरात ओढायचं नाही. आणि वास येवो न येवो, तो कसा होता ते आठवायचं. लवंगेच्या वेळी ती आपल्या आईच्या गरम मसाल्याबद्दल बोलायची, गुलाबाच्या वेळी माझ्या निकाहातल्या गुलाबपाण्याबद्दल. तीन महिन्यांपूर्वी मौन धरलेली अम्मी दिवसातून दोनदा गोष्टी सांगू लागली. माझी धाकटी लेक शेजारी बसून ऐकायची, तिलाही चारही बाटल्या हुंगायच्या असत. कोणत्या उपायाने किती काम केलं, गोळीने, सरावाने की नातीच्या सोबतीने, हे मी वेगळं करू शकत नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला लवंग आली. मग लिंबू. निलगिरीचा थंडावा जाणवायचा, वास नव्हे. डिसेंबरात बसने सांगलीला जाताना मार्केट यार्डाजवळ तिने एकदम माझा हात धरला. "हळद!" सांगलीत राहणाऱ्यांना हळदीचा वास येईनासाच होतो, इतका तो अंगवळणी पडलेला. अम्मी मात्र खिडकीला नाक लावून बसली.

२०२२ च्या रमजानच्या आधीच्या जुम्म्याला तिने ट्रंक उघडली. मी दारात उभी होते. बूच काढून तिने बराच वेळ श्वास घेतला. "पूरा नहीं," ती म्हणाली, "आधा आया." आजही अर्धाच येतो. तळलेल्या कांद्याचं वाकडं अजून पूर्ण सरळ झालेलं नाही. पण ती जेवते, हसते, शेजारणींना दार उघडते.

बाटली घेताना, वापरताना

अत्तर आणि सुगंधी तेलं आपल्या घरात राहणारच. ती कशी ओळखायची आणि वापरायची, याबद्दल थोडं.

कन्नौजला आजही देग-भपक्याने अत्तर काढतात. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी घालून झाकण चिकणमातीने बंद करतात. खाली लाकूड-गोवऱ्यांचा मंद जाळ. वाफ बांबूच्या नळीतून थंड पाण्यात ठेवलेल्या भपक्यात जाते. भपक्यात चंदनाचं तेल असतं, ते सुगंध धरून ठेवतं. पहिल्या पावसाच्या वासाचं मिट्टी अत्तर असंच भाजलेल्या मातीपासून निघतं. हे काम दिवसांचं असतं. आणि एक किलो गुलाबतेल काढायला साधारण तीन ते चार टन फुलं लागतात. त्यामुळे पन्नास रुपयांच्या बाटलीवर 'असली रूह गुलाब' लिहिलेलं असेल तर आत काय असेल ते तुम्हीच ठरवा. कृत्रिम सुगंध लावला म्हणून कोणी गुन्हेगार होत नाही, कपड्याला लावा. पण त्याला औषध समजू नका. चंदनाच्या जागी आता पॅराफिनसारखी स्वस्त तेलंही वापरली जातात, म्हणून अंगावर लावण्याआधी मनगटावर एक टिपका लावून दिवसभर पाहा.

लव्हेंडर-पेपरमिंटसारखी शुद्ध तेलं फार तीव्र असतात. ती थेट कातडीला लावायची नाहीत. चमचाभर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात दोन थेंब पुरे. पोटात तर घ्यायचीच नाहीत.

लहान मुलांच्या बाबतीत जास्त जपा. बाळाला सर्दी झाली की ओवा-कापराची पुरचुंडी गळ्यात बांधणं, नाकाखाली मेंथॉलचा मलम चोळणं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. तान्ह्या बाळांचा श्वास त्याने अडखळू शकतो. कापराची वडी किंवा निलगिरीचं तेल मुलाने गिळलं तर झटके येऊ शकतात. प्रसाद किंवा खडीसाखर समजून वडी तोंडात टाकणारी मुलं असतात. या वस्तू हात पोचणार नाही अशा जागी ठेवा, आणि गिळल्याची शंका आली तर ओकारी काढत न बसता तडक दवाखाना गाठा.

दुसऱ्यांचाही विचार करा. एकदा मी ईद मिलनाच्या दिवशी भरपूर अत्तर लावून वर्गात गेले आणि दम्याच्या एका मुलीला बाहेर नेऊन बसवावं लागलं. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये असं आपल्याला शिकवलं जातं, ते इतरांना त्रास होऊ नये म्हणून. सुगंधालाही तोच नियम लावायला हरकत नाही. ऊद, लोबान, अगरबत्ती आवडत असली तरी तो शेवटी धूर आहे. खिडकी उघडी ठेवा, आणि घरात दमेकरी किंवा तान्हं बाळ असेल तर तो मोह आवरा.

घरात कोणाचा वास दोन-तीन आठवड्यांहून जास्त काळ गेलेला असेल तर डॉक्टरांना दाखवा. सर्दी, नाकातल्या गाठी, डोक्याला लागलेला मार, अशी कारणं बरीच असतात, आणि काही उपचाराने बरी होतात. तोवर शेगडीजवळ त्यांना एकटं सोडू नका. शिळं अन्न त्यांना वासावरून कळत नाही, तेव्हा डब्यावर तारीख लिहून ठेवा.

त्या बाईंचं काय झालं

पालकसभेच्या दिवशी मी त्यांना हे सगळं एवढ्या विस्ताराने सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "वासाने तो क्षण बरा होतो. गोळी पुढचे महिने सांभाळते. उदासीच्या गोळ्या अशा एकदम तोडल्या तर चक्कर, घाबरं होणं, झोप उडणं असे त्रास सुरू होतात आणि जुनं दुखणंही परत येऊ शकतं. बंद करायच्या असतील तर डॉक्टर हळूहळू कमी करून बंद करतील. त्यांना विचारा तरी."

त्यांनी विचारलं, "मग ही तेलं फेकून देऊ?"

"कशाला? उशीच्या अभ्य्राला एक थेंब लावा, गोळी घ्या आणि झोपा."

तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. नवऱ्याला सोबत घेऊन त्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. डॉक्टर रागावले नाहीत, म्हणाले, बरं झालं सांगितलंत. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. "पण आपा," त्या म्हणाल्या, "लव्हेंडरनं मला काही आठवत नाही. मी पेटी मुलीला दिली. माझ्या माहेरी अंगणात मोगरा होता. आईकडून त्याचं रोप आणलंय, कुंडीत लावलंय. अजून कळी नाही."

मी म्हटलं, येईल. उन्हाळा यायचा आहे.